म्युझियममधल्या वस्तूंना बोलतं करणाऱ्या फिल्म्स: त्या कशासाठी बनतात आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत एक पाहुणा आला होता. वय साधारण २८०० वर्षं, नाव नेस्पेरेनुब, मूळ गाव प्राचीन इजिप्तमधलं थीब्स आणि कामधंदा विचाराल तर कर्नाकच्या मंदिरात पुजारी. हा पाहुणा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे ज्याला आजही अनेक मुंबईकर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात तिथे, ममीच्या रूपात मुक्कामाला होता.

या ममीच्या पट्ट्या आजवर कुणीही सोडलेल्या नाहीत. तरीही प्रदर्शन बघायला आलेल्यांनी तिच्या आत काय आहे ते पाहिलं. कसं? तर संशोधकांनी दवाखान्यातल्या सीटी स्कॅन मशीनमध्ये ममीचं स्कॅनिंग केलं आणि त्या माहितीतून एक थ्रीडी फिल्म तयार केली. डोळ्यांवर चष्मा लावून बसलेला प्रेक्षक पट्ट्यांच्या आत शिरायचा. हाडं, दात, अंगावर ठेवलेले ताईत, सगळं दिसायचं. आणि एक गंमतही दिसायची, ती म्हणजे पुजाऱ्याच्या डोक्यामागे चिकटलेलं एक मातीचं वाडगं. ममी तयार करताना वापरलेल्या राळेमुळे ते डोक्याला चिकटलं आणि निघेचना. कारागिरांनी ते तसंच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळल्या. त्यांची ही चूक २८०० वर्षांनी एका फिल्ममुळे जगाला कळली.

म्युझियम फिल्मची ताकद काय असते, ते या एका उदाहरणावरून कळतं. पण ही भानगड सुरू कधी झाली, भारतात असं काय काय बनलं आणि मोबाईलवर रोज दिसणाऱ्या 'प्राचीन रहस्य' छाप रील्सपेक्षा या फिल्म वेगळ्या कशा, ते सविस्तर बघूया.

म्युझियम फिल्म म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर कला, इतिहास किंवा प्राचीन संस्कृती समजावून सांगण्यासाठी, संग्रहालयातल्या वस्तू मध्यभागी ठेवून बनवलेली फिल्म. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणजे दालनाच्या सुरुवातीलाच दिसणारी फिल्म, जी आत काय आहे याची तोंडओळख करून देते. दुसरा, एखाद्या वस्तूशेजारी छोट्या स्क्रीनवर सतत फिरणारी दोन-तीन मिनिटांची क्लिप. आणि तिसरा, संग्रहालयाबाहेर म्हणजे शाळेत, थिएटरमध्ये, टीव्हीवर किंवा यूट्यूबवर दाखवायचा माहितीपट.

आता वस्तू समोर असताना फिल्म कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचं उत्तर वस्तूंच्या तब्येतीत आहे. जुनं कापड, कागदावरची चित्रं, हस्तलिखितं यांना उजेड सोसत नाही. त्यामुळे अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवण्याचा दंडक जगभर पाळला जातो. अंधूक उजेडात, काचेच्या आड, दोन फुटांवरून पैठणीची वीण किंवा लघुचित्रातला नाकातल्या नथीएवढा तपशील दिसणार कसा? हस्तलिखिताचं तर एका वेळी एकच पान उघडं ठेवता येतं, बाकीची दोनशे पानं बंदच. नाणं काचेत ठेवलं की त्याची मागची बाजू गायब. तलवार धरायची कशी, वीणा वाजायची कशी, हे तर कितीही वेळ बघत उभं राहिलं तरी कळत नाही.

ही सगळी कामं कॅमेरा करतो. तो जवळ जातो, पानं उलटतो, वस्तू फिरवून दाखवतो आणि ती वापरात असताना कशी दिसत असेल याचा अंदाज देतो.

शंभर वर्षांपूर्वीचे मूकपट

ही कल्पना काही नवी नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टने, ज्याला सगळे 'द मेट' म्हणतात, १९२० च्या दशकातच स्वतःच्या फिल्म बनवायला सुरुवात केली होती. तेव्हा सिनेमा अजून मुका होता.

मेटकडे जुन्या चिलखतांचा मोठा संग्रह आहे. पण दालनात उभं केलेलं चिलखत म्हणजे लोखंडी पुतळाच. ते घालून माणूस चालू शकायचा का, घोड्यावर बसू शकायचा का, हे लोकांना दाखवायचं होतं. मग संग्रहालयाने चिलखत घातलेला सरदार थेट घोड्यावर बसवून फिल्मच काढली. १९२५ मध्ये त्यांनी 'द गॉर्गन्स हेड' नावाची ग्रीक पुराणकथेवरची फिल्म केली. १९२८ च्या एका फिल्ममध्ये तर संग्रहालयाच्या पडद्यामागे काय काम चालतं तेच दाखवलं. आजच्या भाषेत 'बिहाइंड द सीन्स', आणि फिल्मचं नावही तेच होतं.

मेटची एक तुकडी तेव्हा इजिप्तमध्ये उत्खनन करत होती. तिचा फोटोग्राफर होता हॅरी बर्टन. १९२२ मध्ये तुतानखामूनची कबर सापडली, तेव्हा तिचे जगप्रसिद्ध फोटो काढणारा हाच तो बर्टन. त्याने फोटोंबरोबर चलचित्रंही टिपली. टोपल्या डोक्यावर घेऊन माती वाहणारे इजिप्शियन मजूर त्या चित्रणात दिसतात. शोध लावणारा म्हणून हॉवर्ड कार्टरचं नाव पुस्तकात आलं, मात्र प्रत्यक्ष खोदकाम कुणी केलं ते या फिल्ममुळे दिसतं.

या फिल्म पुढे अनेक वर्षं संग्रहात पडून होत्या. २०२० मध्ये मेटला १५० वर्षं झाली, त्या निमित्ताने संग्रहालयाने दीड हजारांहून जास्त फिल्मच्या आपल्या साठ्यातून निवडक फिल्म ऑनलाइन टाकायला सुरुवात केली.

टीव्ही आला आणि वाद सुरू झाला

१९६९ मध्ये बीबीसी टू वर 'सिव्हिलायझेशन' नावाची १३ भागांची मालिका आली. निवेदक होते कलेचे अभ्यासक आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीचे माजी संचालक केनेथ क्लार्क. त्यांना हे काम देणारे बीबीसी टू चे प्रमुख म्हणजे डेव्हिड ॲटनबरो, तेच आपले प्राण्यांच्या फिल्मवाले. रंगीत टीव्ही नुकताच आला होता, त्यावर काय सुंदर दिसतं ते लोकांना दाखवायचं होतं. मालिका इतकी गाजली की वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ती आपल्या सभागृहात दाखवली, तेव्हा बाहेर रांगा लागल्या. नंतर गॅलरीने ती अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांनाही दाखवायला दिली.

पण एक गोची होती. नाव 'संस्कृती' आणि गोष्ट फक्त पश्चिम युरोपची. भारत नाही, चीन नाही, आफ्रिका नाही. बायकांचं कामही जवळपास नाहीच. मालिकेच्या उपशीर्षकात 'एक वैयक्तिक दृष्टिकोन' असं स्पष्ट म्हटलं होतं, पण लाखो प्रेक्षकांसाठी तोच संस्कृतीचा अधिकृत इतिहास ठरला.

याला उत्तर तीनच वर्षांत आलं आणि तेही त्याच चॅनेलवर. १९७२ मध्ये जॉन बर्जर यांची 'वेज ऑफ सीइंग' ही चार भागांची मालिका लागली. पहिल्याच दृश्यात बर्जर बोत्तिचेल्लीच्या चित्रावर चाकू चालवतात आणि त्यातला चेहरा कापून घेतात. अर्थात ती प्रत होती. त्यांचा मुद्दा असा की कॅमेरा चित्राचा तुकडा उचलतो, त्यामागे संगीत लावतो, पुढे-मागे दुसरी चित्रं जोडतो आणि मूळ चित्राचा अर्थच बदलून टाकतो. शिवाय मी सुद्धा आत्ता तुमच्यासमोर तेच करतोय, तेव्हा माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असंही ते प्रेक्षकांना बजावतात. ५० वर्षांनंतर रील बघणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला लागू पडतो.

२०१८ मध्ये बीबीसीने पुन्हा मालिका केली, पण नाव बदलून 'सिव्हिलायझेशन्स' असं अनेकवचनी केलं. एका निवेदकाच्या जागी तीन निवेदक आले. नावापुढच्या त्या एका अक्षरासाठी जवळपास ५० वर्षं लागली.

भारतात काय चाललं होतं?

इथे एक भारी योगायोग आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय कापड आणि दागिन्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यावर चार्ल्स आणि रे ईम्स या प्रसिद्ध डिझायनर जोडप्याने एक छोटी फिल्म केली आणि तिला पुपुल जयकर यांचा आवाज होता. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या म्युझियममध्ये एका नवख्या बंगाली दिग्दर्शकाचा सिनेमा पहिल्यांदा जगासमोर आला. दिग्दर्शक सत्यजित राय आणि सिनेमा 'पथेर पांचाली'. ईम्स जोडपं पुढे भारतात आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या अहवालातून अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची पायाभरणी झाली.

भारतात या कामाचा मोठा भार उचलला तो १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने. मुंबईच्या पेडर रोडवरच्या या सरकारी संस्थेचे माहितीपट थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी दाखवणं बंधनकारक होतं. वडीलधाऱ्यांना विचारा, 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही पाटी त्यांना हमखास आठवेल. अनेकांसाठी तो पॉपकॉर्न, त्या काळचे खारे दाणे, आणायचा वेळ होता. पण ज्या गावात संग्रहालय नाही आणि अजिंठ्याला जायला पैसे नाहीत, तिथल्या माणसाला लेणी, मंदिरं, चित्रं दाखवणारी खिडकीही तीच होती.

याच काळात बिमल रॉय यांनी निर्मिती केलेला आणि राजबन्स खन्ना यांनी दिग्दर्शित केलेला 'गौतम द बुद्ध' हा माहितीपट आला. यात नट-नट्या नाहीत. बुद्धाचं आयुष्य शिल्पं, चित्रं आणि जागांच्या चित्रणातून उभं केलं आहे. १९५७ च्या कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली.

१९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने एम. एफ. हुसेन यांच्या हातात कॅमेरा दिला. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने राजस्थानात जाऊन 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' ही फिल्म केली. निवेदन नाही, एकामागून एक फक्त दृश्यं. बर्लिन महोत्सवात तिला लघुपटाचा गोल्डन बेअर मिळाला. १९७२ मध्ये सत्यजित राय यांनी शांतिनिकेतनातले आपले गुरू, दृष्टी गेल्यानंतरही काम करत राहिलेले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' केली. मराठीत 'चलत्-चित्रव्यूह' लिहून साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे अरुण खोपकर यांनीही जहांगीर सबावाला, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, विवान सुंदरम अशा चित्रकारांवर फिल्म केल्या.

फिल्म्स डिव्हिजनच्या साठ्यात ८ हजारांहून जास्त फिल्म आहेत. २०२२ मध्ये ही संस्था आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. या फिल्म कुणाच्या ताब्यात राहणार आणि लोकांना बघायला कशा मिळणार, यावर तेव्हा सिनेमावाल्यांमध्ये बरीच चर्चा झाली. कारण साधं आहे. यातल्या काही फिल्ममध्ये दिसणारे कलाकार, वाडे, चित्रं आज उरलेली नाहीत. ती पाहायची तर फिल्मच पाहावी लागते.

पुतळे स्वतः बोलले तर?

आता या सगळ्यातला अवघड भाग. संग्रहालयातली वस्तू तिथे आली कशी, हे फिल्मने सांगायचं की नाही?

१९५३ मध्ये क्रिस मार्कर, ॲलाँ रेने आणि गिस्लाँ क्लोके या तिघांनी 'स्टॅच्यूज ऑल्सो डाय' ही अर्ध्या तासाची फिल्म केली. विषय होता आफ्रिकन कला. फिल्म विचारते की आफ्रिकेत पूजेत, नाचात, रोजच्या जगण्यात असलेला मुखवटा पॅरिसच्या काचेच्या कपाटात आला की तो कला होतो, की मरतो? उत्तरार्धात फ्रान्सच्या वसाहतवादावर थेट टीका होती. फिल्मला १९५४ मध्ये मानाचा जाँ विगो पुरस्कार मिळाला, पण फ्रेंच सेन्सॉरने उत्तरार्ध अडवला आणि पुढची दहाहून जास्त वर्षं ती पूर्ण स्वरूपात दाखवता आली नाही.

त्या प्रश्नाचा पुढचा अध्याय २०२१ मध्ये घडला. १८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने आफ्रिकेतल्या दाहोमे राज्यातून, म्हणजे आजच्या बेनिनमधून, राजवाड्यातल्या वस्तू लुटून नेल्या होत्या. त्यातल्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये परत केल्या. दिग्दर्शिका माती दियोप यांनी हा प्रवास टिपला आणि त्यातून 'दाहोमे' ही फिल्म झाली. यात राजा गेझोचा पुतळा स्वतः बोलतो, तेही फ्रेंचमध्ये नाही तर स्थानिक फॉन भाषेत. उत्तरार्धात बेनिनमधले कॉलेजचे विद्यार्थी तावातावाने भांडतात. हजारो वस्तू नेल्या आणि परत फक्त २६? याचा आनंद मानायचा की हा अपमान समजायचा? फिल्म निकाल देत नाही, भांडण ऐकवते. २०२४ च्या बर्लिन महोत्सवात तिने गोल्डन बेअर पटकावला.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली. ही वाघनखं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे, पण अफजलखानाच्या भेटीच्या वेळी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं म्युझियमनेच नमूद केलंय. यावर चांगली फिल्म करायची तर पेटीवरचा मजकूर, वस्तूचा प्रवास आणि म्युझियमची टीप, असं तिन्ही दाखवावं लागेल. त्याने महाराजांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, उलट बघणाऱ्याला पुरावा कसा तपासतात ते कळतं.

आता सगळं मोबाईलवर

२०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने एक व्हिडिओ टाकला. त्यात लांब पांढऱ्या दाढीचे तज्ज्ञ अर्विंग फिंकेल यूट्यूबर टॉम स्कॉटला सुमारे साडेचार हजार वर्षं जुना पट शिकवतात आणि मग दोघं खेळतात. हा 'रॉयल गेम ऑफ उर' इराकमध्ये १९२० च्या दशकातल्या उत्खननात सापडला होता. खेळाचे नियम फिंकेल यांनी इसवी सनपूर्व १७७ मधल्या एका मातीच्या पाटीवरून उलगडले. लाखो लोकांनी हा व्हिडिओ पाहिला. त्यात ना थरारक संगीत, ना स्पेशल इफेक्ट. एक जाणकार माणूस, एक खेळ आणि त्याला चिडवणारा प्रतिस्पर्धी एवढंच.

याच मोबाईलवर दुसऱ्या बाजूला वेरूळचं कैलास मंदिर परग्रहवासीयांनी बांधलं, असं सांगणाऱ्या रील्सही फिरतात. खरी माहिती काय? कैलास म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी ते जोडलं जातं. इसवी सन ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात या मंदिराचं वर्णन येतं. ज्याने हे बांधलं त्या शिल्पकारालाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, असा त्यातला आशय आहे. डोंगर वरून खाली कोरत येण्याची पद्धत कशी होती, ते अजिंठ्यातली २४ क्रमांकासारखी अर्धवट राहिलेली लेणी पाहिली की समजतं. छिन्नीचे घाव आजही दिसतात. परग्रहवासी आणले की हे घाव घालणारे हात गोष्टीतून गायब होतात. अशा रीलमुळे होणारं खरं नुकसान हेच.

मग चांगली फिल्म ओळखायची कशी?

पुढच्या वेळी एखादी फिल्म किंवा रील शेअर करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. वस्तू कोणती, ती आज कुठे आहे आणि केवढी आहे, हे सांगितलंय का? नाव-गाव नसलेली वस्तू तपासताच येत नाही.

२. ती कुठे सापडली आणि संग्रहालयात कशी आली? खरेदी, भेट, उत्खनन की लूट?

३. 'माहीत आहे' आणि 'अंदाज आहे' यातला फरक निवेदनात कळतो का? चांगला अभ्यासक 'बहुधा' हा शब्द वापरायला लाजत नाही.

४. ग्राफिक्सने किंवा एआयने उभं केलेलं दृश्य तसं आहे, असं लिहिलंय का? फुटक्या मूर्तीला जोडलेले हात कल्पनेतले असतील, तर ते सांगायला हवं.

५. बोलतंय कोण? ज्या लोकांची ती वस्तू आहे, त्यांचा आवाज फिल्ममध्ये कुठेतरी आहे का?

फिल्म्स डिव्हिजनचे अनेक जुने माहितीपट, मेटच्या मूकपटांपैकी बरेचसे आणि ब्रिटिश म्युझियमचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. यातलं बरंच इंग्रजीत आहे, त्यामुळे वर्गात दाखवायचं तर शिक्षकांना मध्ये थांबवून मराठीत सांगावं लागतं. ज्या शाळांना मुंबईत सहल काढणं जमत नाही, त्यांच्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस २०१५ पासून प्रतिकृती आणि डिजिटल साधनं घेऊन गावोगावी फिरते.

आणि संग्रहालयात जाणार असाल तर एक सोपा प्रयोग करून बघा. आधी वस्तूसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, मग शेजारची फिल्म बघा आणि पुन्हा वस्तूकडे वळा. फिल्म चांगली असेल, तर दुसऱ्यांदा बघताना पहिल्यांदा न दिसलेलं काहीतरी नक्की दिसेल.